डावीकडचा खण

१

शमुवेल रणभिसे यांना मातीआड करून माणसं घरी परतली, तेव्हा त्यांच्या कपाटातला एक खण नाहीसा झालेला होता.

विश्रामबागेतल्या त्या घरात चोरण्यासारखं दुसरं काही नव्हतं, आणि सांगलीतल्या बहुतेकांच्या मते खणातही नव्हतं. बुटकं, लांबोळकं सागवानी कपाट. त्यात एकाशेजारी एक चार खण. खणांत गच्च भरलेली, हाताने लिहिलेली कार्डं. बायबल आणि प्राचीन यहुदी धर्म यांच्या अभ्यासात ज्या संज्ञांवाचून पाऊल पुढे पडत नाही, त्यांचा हा मराठी परिभाषाकोश. रणभिसे सरांनी आयुष्य त्यात घातलं. प्रत्येक कार्डावर वर हिब्रू शब्द, खाली मराठी अर्थ, आणि अगदी तळाशी एक नाव: ज्याच्या बोलण्यातून तो अर्थ गवसला त्या माणसाचं. कधी विहिरी खणणारा, कधी सुईण, कधी कराडचा एखादा वकील. प्राचीन यहुदी गुरूंची रीतच तशी होती. वचन सांगायचं तर ज्याचं त्याच्या नावानं सांगायचं. सरांनी ती रीत सांगलीत पाळली. आपल्या विद्वत्क्षेत्रात या सवयीची गणना विक्षिप्तपणात होते, हे निराळं सांगायला नको.

डॉ. स्वप्नाली मेटकरी साताऱ्याहून पोचली, तोवर चोरही ठरून गेला होता.

शोकसभेतच ठरला. प्राच्यधर्म अभ्यासकेंद्राचे संचालक डॉ. इंद्रजित सातपुते दाटल्या कंठाने म्हणाले होते, "मित्रहो, कोशाचा पहिला खणच गेला. इमारतीचा पायाच कुणीतरी काढून नेला. कपाटाची किल्ली कुणाच्या हाती असे, हे मी सांगणार नाही." त्यांनी सांगितलं नाही, सभेच्या माना आपणहून मागच्या रांगेकडे वळल्या. तिथे मिस्बाह मुजावर बसली होती. सरांबरोबर इतकी वर्षं कार्डं लिहिणारी, केंद्राच्या तुटपुंज्या शिष्यवृत्तीवर जगणारी मुलगी. सरांच्या पत्नीने, सुवार्ताबाईंनी, कपाट तिच्या स्वाधीन केलं होतं, आणि ग्रंथावर सरांचं व मिस्बाहचं अशी दोनच नावं येतील, असंही चारचौघांत बोलून दाखवलं होतं. ते बोलणं आता कुणाला आठवत नव्हतं. सातपुत्यांना मात्र एक गोष्ट सुदैवाने आठवली: सहसंपादक या नात्याने पहिल्या खंडाची मुद्रणप्रत त्यांच्यापाशी दोन वर्षांपासून तयारच होती. रविवारच्या स्मृतिसभेत तिची घोषणा होणार होती. त्याच व्यासपीठावरून चोरीची फिर्यादही. फिर्याद झाली की मिस्बाहची शिष्यवृत्ती जाणार होती आणि नावही. ज्या विषयाचे जाणकार महाराष्ट्रात बोटांवर मोजण्याइतके, त्यात चोर ठरलेल्या माणसाला दुसरं दार नसतं.

स्वप्नाली साताऱ्याच्या एका महाविद्यालयात धर्मेतिहास शिकवत असे. उचललेले प्रबंध पकडण्यात तिची इतकी ख्याती होती, की विद्यापीठं तिला प्रत्येक समितीवर घेत आणि कुठल्याही मौखिक परीक्षेला बोलावत नसत. हिब्रू ती रणभिसे सरांकडेच शिकली. गेल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला होता. धाप लागत होती, तरी प्रश्न सुटला नव्हता.

"स्वप्नाली, तुम्ही धनगर माणसं. कळप मागे परतवतात, तेव्हा नेमकं काय होतं गं?"

"कळप फिरत नाही, सर. मेंढरं जिथल्या तिथं तोंड वळवतात. मग मागं राहिलेलं लंगडं मेंढरू सगळ्यांच्या पुढं असतं."

ते म्हणाले, "हे कुणाच्या नावानं लिहू?"

"माझ्याच नावानं लिहा की," ती हसून म्हणाली होती. कशासाठी हवं, हे विचारायचं राहूनच गेलं.

आता ती कपाटापुढे उभी राहिली. उजवीकडचे तीन खण जागच्या जागी होते. डावीकडच्या टोकाला काळं भगदाड. ती त्या भगदाडाकडे पाहत राहिली.

कुठला खण गेला हे पाहताच, चोर कोण नाही ते तिला उभ्याउभ्याच कळलं होतं.

२

"खिडकीकडचा गेला," सुवार्ताबाई म्हणाल्या. "सकाळचं ऊन त्येच्यावरच पडायचं. शेवटाला तिथंच बसायचे."

त्या जतकडच्या. उभं आयुष्य सांगलीत काढूनही जिभेवरचं जत पुसलं नव्हतं. अक्षर त्यांना येत नव्हतं. ज्या माणसाने हिब्रूच्या एकेका शब्दासाठी मराठी मुलूख पायाखाली घातला, त्याला घरातल्या बाईच्या हाती पाटी द्यायला सवड झाली नव्हती. स्वप्नालीने सरांवर अपार प्रेम केलं होतं. ही गोष्ट तिने त्यांना कधी माफ केली नव्हती.

"आई, किल्ली कुठं असायची?"

"त्या माठामागं. समद्या गावाला ठावं. मातीला गेलो तवा घर उघडंच की. मयताच्या घराला कुलूप कोन लावतंय? आपल्यात लावत्यात व्हय?"

"मग मिस्बाहचं नाव का घेतात?"

"तिचं घ्यायला सोपं हाय म्हनून," म्हातारी म्हणाली, आणि पदराने डोळे टिपून पुन्हा तांदूळ निवडू लागली.

मिस्बाह मागच्या पडवीत बसली होती. तिचे वडील, रहिमान, कल्हईचं काम करत. त्यांच्या हातावरच्या राखेची लाज तिला कधी वाटली नाही, पण शोकसभेपासून ती स्वतःचे हात ओढणीखाली ठेवत होती.

"शेवटचा खण नेला, मॅडम," ती म्हणाली. "दुसरा कुठलाही नेला असता तर पुन्हा उभा करता आला असता, कच्ची टिपणं आहेत. शेवटच्याची नाहीत. तो सर थेट कार्डावर लिहायचे. म्हणायचे, इथवर आल्यावर तरी माणसाला खाडाखोडीवाचून लिहिता यावं."

"तुझ्यावर लोक काय काय बोलतात?"

"नवीन काय बोलणार? मुजावराच्या पोरीला यहुद्यांची भाषा कशाला, हे तर पहिल्यापासून होतं. मी म्हणायची, उर्दूमुळे हात आधीच त्या बाजूचा आहे, नवीन वळण लावावं लागलं नाही." ती हसायला गेली, जमलं नाही. "अम्मी म्हणते, सोड ते सगळं, शिवणाचा क्लास घाल. चोर म्हणून घेण्यापेक्षा शिंपीण बरी."

"शेवटचं कार्ड कुठलं लिहिलंत तुम्ही?"

"तेशुवा."

पश्चात्ताप असं त्याचं भाषांतर सगळे करतात. मूळ अर्थ परतणं, मागे वळणं. मिस्बाह सांगत होती, "त्या कार्डावर नुसता शब्द होता. खाली कोरं. इतकी वर्षं. मी विचारलं की म्हणायचे, अजून कळलेला नाही तो मला. गेले त्या आठवड्यात एक दिवस उठून बसले आणि म्हणाले, घे पेन, कळला. मी लिहून घेतलं. त्यांनी खाली नाव स्वतःच्या हाताने घातलं. अक्षर फार हललं होतं."

"कुणाचं नाव?"

मिस्बाहने मान वर केली. "तुम्हाला माहीत नाही? तुमचंच, मॅडम."

३

संशयितांतला एक अजून उरला होता, आणि तो स्वतःहूनच संशय ओढवून घेत होता.

दिग्विजय हा सरांचा मुलगा. मलकापुरात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. बापाचं कपाट विकायचं म्हणून त्याने गिऱ्हाईक पाहिलं होतं, हे अख्ख्या गल्लीला माहीत.

"बघितलं हुतं, व्हय," तो म्हणाला. "का बघू नको? सागवान हाय ते. पण मॅडम, मला चोरायचंच असतं तर अख्खं कपाट टेम्पोत घालून न्हेलं असतं. एक खण काढून त्यात काय कोंबड्या पाळू?"

"राग होता ना तुम्हाला त्या कपाटाचा?"

"लय. आमच्या घरात त्याला पहिला घास. बाप माझ्याशी कमी बोलला, त्येच्याशी जास्त." त्याने खिडकीकडच्या भगदाडाकडे पाहिलं आणि आवाज जरा उतरला. "ह्या घरात समदं उजव्या बाजूनं सुरू व्हायचं बघा. पुस्तक मागनं उघडायचं. शाळेत पहिल्या दिवशी मी पाटी उजवीकडनं लिवायला घेतली. गुरुजींनी असा धपाटा घातला! घरी येऊन सांगितलं, तर बाप हसला. त्येवढा एकदाच हसलेला आठवतोय माझ्यावर."

तो पटकन उठून मोटारसायकलीपाशी गेला आणि चालू झालेली गाडी उगाच पुन्हा चालू करत राहिला.

शनिवारी दुपारी स्वप्नाली केंद्रात गेली. सातपुत्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, शोक व्यक्त केला. या तिन्ही गोष्टी ते उत्तम करत. त्यांच्या मागच्या भिंतीवर मानपत्रं होती. पुस्तकांची फडताळं काचबंद होती, आणि काचेवर धूळ आतून बसलेली होती.

"एका विधर्मी मुलीवर इतका विश्वास टाकायला नको होता सरांनी," ते म्हणाले. "मी जात-धर्म मानत नाही, आपल्याला ठाऊकच आहे. पण किल्ली तिच्याकडे. आणि नेमका पहिलाच खण जावा?"

"पहिलाच," स्वप्नाली म्हणाली.

"पहिला खंडच दाबायचा होता तिला. माझं नाव पुढे येऊ नये म्हणून. तिला काय माहीत, की माझी स्वतंत्र प्रत तयार आहे!"

"आपण हिब्रू केव्हापासून करता, सर?"

"अहो, बारा वर्षं झाली या कोशाच्या संपादनाला."

प्रश्नाचं उत्तर हे नव्हतं, पण स्वप्नालीला हवं होतं ते त्यात होतं. तिने नम्रपणे मुद्रणप्रत मागितली. स्मृतिसभेत दोन शब्द बोलायचे तर आधी नजर घालावी म्हणून. सातपुते प्रसन्न झाले. साताऱ्याची मेटकरी आपला ग्रंथ वाचते आहे, ही बातमीच अर्धा पुरस्कार होती.

तिने पहिलं पान उलटलं. मग शेवटचं पाहिलं. मग मधलं एक पान ती इतका वेळ वाचत राहिली, की समोरचा चहा निवून त्याच्यावर साय धरली.

४

रविवारी सभेआधी कार्यकारिणीची बैठक होती. स्वप्नालीने तिथेच वेळ मागून घेतला. मिस्बाह दाराशी उभी होती. तिला कुणी खुर्ची दिली नव्हती. स्वप्नालीने आपली तिच्याकडे सरकवली आणि उभ्यानेच बोलायला सुरुवात केली.

"कपाटात एका रांगेत चार खण. चोराने एकच नेला, म्हणजे त्याला तोच हवा होता. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. सरांनी खणही तसेच लावले: पहिला उजव्या टोकाला, शेवटचा डाव्या टोकाला, खिडकीकडे. गेला तो डावीकडचा. मिस्बाह त्याला शेवटचा म्हणाली, कारण तो शेवटचा आहे. दिग्विजयना हिब्रूचं अक्षर येत नसेल, पण बाजू लहानपणापासून ठाऊक. सुवार्ताबाई त्याला खिडकीकडचा म्हणतात. त्यांना पहिल्या-शेवटच्याशी कर्तव्य नाही. डावीकडच्या खणाला 'पहिला' म्हणणारा माणूस या सगळ्या प्रकरणात एकच आहे. भर सभेत म्हणाला, काल माझ्यासमोर पुन्हा म्हणाला. पहिला खंड आपल्या नावावर काढायचा, म्हणून त्याने पहिला खण उचलला. मराठी माणूस पहिला मानतो त्या बाजूचा."

"हा निव्वळ शब्दच्छल आहे," सातपुते म्हणाले. आवाज अजून भक्कम होता.

"मग आपली प्रत पाहू. पहिली नोंद, तेवा: नोहाचं तारू. दुसरी, तेहोम: सृष्टीआधीचं अथांग पाणी. मग तोरा, तालमूद, तनख, तार्गुम, ही धर्मग्रंथांची नावं. सगळ्या नोंदी 'त'च्या. हिब्रूचं शेवटचं अक्षर तेच. त्याला मुख्य संज्ञांची इतकी दाटी, की सरांनी त्याला अख्खा खण दिला. पहिल्या खंडात पहिलं अक्षर नाही, आणि हे संपादकाला बारा वर्षांत खटकलं नाही. हिब्रूची मुळाक्षरं 'त'पासून सुरू होतात, अशी आपली प्रामाणिक समजूत असावी."

कोणीतरी खोकलं. सातपुते सावरले. त्यांना सावरता येई. त्यांची कारकीर्दच सावरण्यावर उभी होती.

"मूलभूत संज्ञा आधी, ही माझी संपादकीय योजना आहे, मॅडम. धर्मशास्त्र, धर्मग्रंथ, भाष्य. पायाभूत शब्द पहिल्या खंडात. सरांच्या कार्डांवरून मी माझी नक्कल केव्हाच करून ठेवली होती. दोन वर्षांपूर्वी."

उत्तर चांगलं होतं. अध्यक्षांनी मान डोलावली. मिस्बाहचे हात पुन्हा ओढणीखाली गेले.

"दोन वर्षांपूर्वी," स्वप्नाली म्हणाली. "सगळीच?"

"एकूण एक."

तिने ते मधलं पान उघडलं आणि वाचलं. "तेशुवा. परतणं. कळप फिरत नाही. मेंढरं जिथल्या तिथं तोंड वळवतात, आणि मागं राहिलेलं लंगडं मेंढरू सगळ्यांच्या पुढं होतं." तिने पान मिटलं. "हे वाक्य माझं आहे. सर गेले त्या आठवड्यात मी ते त्यांना फोनवर सांगितलं. त्याआधी ते कार्ड कोरं होतं. सरांनी तळाशी माझं नाव लिहिलं, म्हणून मिस्बाहला ते ठाऊक. आपण नाव गाळलंत, म्हणून आपल्याला ठाऊक नाही. सरांच्या शेवटच्या आठवड्यात लिहिलेलं वाक्य आपल्या दोन वर्षांपूर्वीच्या प्रतीत कसं आलं, सातपुते?"

सातपुत्यांनी पाण्याचा पेला उचलला, आणि न पिताच खाली ठेवला.

"कार्डं कुठं आहेत?" मिस्बाहने विचारलं. ती पहिल्यांदाच बोलत होती. "ती द्या. मला बाकी काही नको, सर. फक्त कार्डं द्या."

"टंकलेखन झाल्यावर…" सातपुते टेबलाकडे पाहत म्हणाले. "घरात ठेवणं योग्य नव्हतं. मागच्या आवारात पालापाचोळा पेटवला होता, त्यात…"

यहुद्यांत एक रीत आहे. ज्या कागदावर देवाचं नाव आलं तो कागद कितीही जीर्ण होवो, ते जाळत नाहीत, फाडत नाहीत. एका कोठडीत जपून ठेवतात, आणि पुढे माणसाला पुरावं तसा पुरतात. त्या कोठडीला गेनिझा म्हणतात. कोशात तिची नोंद आहे. उजवीकडच्या पहिल्या खणात. तो खण सातपुत्यांनी उघडलाच नव्हता.

मिस्बाह रडली नाही. चोरीचा आळ ऐकताना ती रडली होती; आता तिने स्वप्नालीच्या हातातली मुद्रणप्रत घेतली आणि मांडीवर धरली.

५

स्मृतिसभेत निवेदन वाचलं गेलं. काही गैरसमजातून एका संशोधिकेविषयी जे उद्गार निघाले, ते मागे घेण्यात येत आहेत. कोणाचे उद्गार, कोण मागे घेतं, संशोधिका कोण, याविषयी मराठीच्या कर्मणी प्रयोगाने आपली जबाबदारी चोख बजावली. स्वप्नाली उठली आणि निवेदन पुन्हा वाचायला लावलं: नावं घालून. मग ते वाचलं गेलं. सातपुते प्रकृतीच्या कारणास्तव अनुपस्थित होते, आणि राजीनामाही त्याच कारणास्तव येणार होता. ग्रंथावर सरांचं आणि मिस्बाहचं नाव येईल, असा ठराव झाला. टाळ्या झाल्या. स्वप्नालीने न्याय होताना पूर्वीही पाहिला होता; तो असाच दिसतो.

दुपारी सरांच्या घरी स्वप्नाली आणि मिस्बाह स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसल्या. कार्डांची राख झाली होती; उरली होती ती सातपुत्यांची मुद्रणप्रत. अर्थ सगळे होते. नावं मात्र चोराने कटाक्षाने गाळलेली, एकूण एक. मिस्बाहने आठवून सांगायचं आणि स्वप्नालीने समासात लिहायचं, असं चाललं होतं.

"तेहोम."

"अर्जुना बंडगर. विहिरी खणायचे. पाणी लागायच्या आधी जो काळोख लागतो, त्याला ते एक शब्द वापरायचे."

"तार्गुम. भाषांतर."

"भाऊसो… आडनाव… कोर्टात दुभाषे होते." तिने डोळे मिटले. "नाही येत, मॅडम. खंडाळ्याचे होते."

स्वप्नालीने नुसतं भाऊसो लिहिलं. बऱ्याच नोंदींना तेवढंही मिळालं नाही. ज्यांचे शब्द घेतले, ती माणसं बहुतेक वारली होती. विचारायला कुणी उरलं नव्हतं. कोऱ्या जागा वाढत गेल्या.

"पहिली राहिली," स्वप्नाली म्हणाली. "तेवा. इथे सरांनी तारवाशिवाय दुसराही अर्थ दिला आहे: ज्यात मोशेला घालून नदीत सोडलं ती टोपली. बुट्टी म्हणतात सर."

मिस्बाहने आवाज अगदी खाली आणला. "त्या कार्डावर नाव नव्हतंच. साऱ्या खणात तेवढं एकच. मी विचारलं होतं. सर म्हणाले, घरातलाच शब्द आहे, त्याला कुणाचं नाव घालायचं?"

स्वप्नालीने पेन खाली ठेवलं.

चुलीपाशी सुवार्ताबाई पाठमोऱ्या होत्या. दूध उतू जाऊ नये म्हणून उभ्या होत्या. दूध केव्हाच खाली उतरवलेलं होतं.

"मिस्बा," त्या न वळताच म्हणाल्या, "ह्यात माझं नाव हुतं का गं कुठं?"

मिस्बाहने प्रतीचं पान उगाच उलटून पाहिलं.

"न्हाई, आपलं इचारलं. माणसं लांबनं यायची, त्येंचं लिवून घ्यायचे. मी च्या द्यायची. एक डाव मला बी इचारलं हुतं. रानात पोर निजवत्यात ते कशात, तुमच्यात काय म्हनत्यात म्हनून. आमचा दिग्या त्यातच वाढला. मी सांगितलं हुतं."

मिस्बाहने स्वप्नालीकडे पाहिलं. जिने खोट्या संदर्भापायी भल्याभल्यांच्या पदव्या परत करायला लावल्या होत्या, ती स्वप्नाली टेबलावरून उठली, मिस्बाहच्या हाती पेन दिलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"होतं की, आई," मिस्बाह म्हणाली.

"खरं?"

"अगदी पहिल्याच पानावर होतं."

तिने समासात सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं आणि वाचून दाखवलं: तेवा, बुट्टी, सुवार्ताबाई रणभिसे यांच्या नावानं. म्हातारीने पदराला हात पुसले. जवळ आली, वाकली, आणि ओल्या शाईला लागणार नाही असं बोट नावाच्या वर धरलं.

"हे व्हय?"

"हेच."

सुवार्ताबाईंनी ते बोट हवेतच नावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं.

"मग त्येंनी कवा सांगितलं कसं न्हाई?" त्या म्हणाल्या.